वाढलेली बांगडी

नमिताचं कपड्यांचं दुकान रोह्याच्या अष्टमी भागात पुलाजवळ उघडणार होतं. बायकांचे ड्रेस, साड्या, ब्लाउजपीस. आतलं लाकूडकाम बापाकडूनच करून घ्यायचं, हे तिनं आधीच ठरवलं होतं. कमळाकर पेणहून रोज सकाळच्या गाडीनं रोह्याला यायचा. त्याची बायको इंदुबाई जाऊन आठ महिने झाले होते. घरात बसण्यापेक्षा हे बरं होतं.

नमितानं वहीत चित्र काढून दिलं होतं. सगळं दुकान आईच्या हिरव्या बांगड्यांवरून. गोल आरसे, गोल दांड्यांना टांगलेले ड्रेस आणि मागच्या भिंतीपुढे माणसापेक्षा उंच तीन हिरव्या बांगड्या, प्लायच्या. तिसरी खाली जमिनीलगत तुटलेली. त्या फटीतून ट्रायल रूममध्ये जायचं. वर पाटी लावायची : ‘बांगडी वाढली की घर वाढतं.’

पाटी रंगवून आली, त्या दिवसापासून कमळाकरला जेवण जाईना.

ते घडलं तेव्हा नमिता सात वर्षांची होती. तो कारखान्यातल्या शिफ्टवरून आला, भाकरी गार होती. एवढंच कारण. त्यानं इंदूचा हात धरून पिरगाळला. तीन बांगड्या गेल्या, मनगटातून रक्त आलं. पोर दारात येऊन उभी राहिली. इंदू खाली बसून काचा वेचत होती.

“काय नाय गो. बांगड्या वाढल्या.”

“वाढल्या म्हणजे मोठ्या झाल्या?”

“व्हय. बांगडी वाढली का घर वाढतं.”

पुढे ती कधी त्यावर बोलली नाही. व्रण मात्र राहिला. ती गेली तेव्हा बायकांनी तिचे हात हिरव्या चुड्यानं भरले. “नशीबवान, सवाष्ण गेली,” म्हणाल्या. व्रण चुड्याखाली झाकला गेला. तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं त्याला अजून आठवत होतं.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी नमिता आली, तर तिसरी बांगडी पुरती गोल. कुठं फट नाही. दुकानात ब्लाउज शिवायला ठेवलेली हौसा मशीनवरून हसली.

“काका, आता गिऱ्हाईक काय उडी मारून आत जायचं? माझ्यासारखी जाडी तर मधेच अडकंल!”

“बाबा, चित्र बघितलं नाही का?” नमिता वैतागली. “फट कुठंय?”

“बघितलं.”

“मग?”

कमळाकरनं हातातली पटाशी खाली ठेवली.

“तुझ्या आयशीची बांगडी वाढली नव्हती. मी फोडली.”

हौसाचं मशीन थांबलं. सवाष्णीच्या बांगडीला ‘फोडली’ कुणी म्हणत नाही.

“भाकरी गार होती म्हनून. तू इचारलंस तवा ती खोटं बोलली. माझ्यासाठी. अन् तू आता ते पाटीवर लिवलंस.”

“आणि तुम्ही पंचवीस वर्षं गप्प बसलात.”

“बसलो.”

“एकदाच?”

“रक्त एकदाच आलं,” तो म्हणाला.

नमिता दाराकडे गेली. हौसा धाग्याची रिळं उगाच सरळ लावत बसली.

“कापा,” नमिता परत येऊन म्हणाली.

“नमे—”

“दार तिथंच पाहिजे. कापा. आणि ती पाटी उतरवा.”

त्यानं स्टुलावर चढून स्क्रू काढले, पाटी उतरवली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. मग करवत घेऊन बांगडी कापली. हिरव्या सनमायकाचे टवके उडाले. कापलेल्या कडा धारदार झाल्या. तो पॉलिशपेपर घेऊन खाली बसला आणि घासू लागला.

संध्याकाळी नमितानं कडेवरून तळहात फिरवला. मग मनगट.

“इथं अजून टोचतंय,” ती म्हणाली.

कमळाकरनं नवा पॉलिशपेपर फाडला आणि पुन्हा घासायला घेतलं.