सार्जंटच्या कॉलरवरचं भोक

मित्रांनो, मी एक जुना पितळी बिल्ला आहे. हरभऱ्याएवढा, एका कडेने झिजलेला. लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत, कपडेपटातल्या बटणांच्या डब्यात पडून असतो. आता फार दमलोय.

अंतराळातल्या फौजेची एक मालिका होती, तिच्यासाठी मला घडवलं. ज्याच्या कॉलरवर मी, तो लेफ्टनंट. सार्जंटची कॉलर रिकामी. नियम एवढाच होता.

लाईल ब्रँडवोल्ड त्या मालिकेत सार्जंट होता. यानाचं दार लावायचं आणि "दार बंद, सर" म्हणायचं, एवढंच त्याचं काम. त्याला मिळालेला कोट आधीच्या एका भागात स्फोटात मेलेल्या कुणाचा तरी होता. कॉलरला जळकं भोक होतं. दिवे लागले, सगळे खोळंबले, तेव्हा कपडेपटातल्या डेल्फिनाने मला त्या भोकावर टोचलं.

"आजच्यापुरता हं," ती मला म्हणाली की कोटाला, कोण जाणे.

पण मिसेस हाल्वर्सननी फोटो काढला. काल कप उजव्या हातात होता तर आजही उजव्याच हातात हवा, हे बघणं त्यांचं काम. त्यांचं एकच म्हणणं, "फोटोत आहे म्हणजे आहे."

झालं. लेखकांनी फोटोत मला पाहिलं आणि लाईलला लेफ्टनंट लिहिलं. कोट धुवायला गेला की मी निघायचो, तो पुन्हा सार्जंट व्हायचा. पुन्हा कुणीतरी जुना फोटो बाहेर काढायचं, पुन्हा मी भोकावर. तीन वर्षं हेच.

"डेल्फिना, आज कोण आहे मी?" लाईल रोज सकाळी विचारायचा.

"भोक आहे, तोवर साहेब आहेस बाबा. गप उभा राहा."

तो हसायचा. पण रविवारी कपडेपटातल्या फोनवरून फ्रेस्नोला वडिलांशी बोलून आला की हसायचा नाही. त्याचे म्हातारे वडील ऑरिन खऱ्या फौजेत सार्जंट होते.

"काय म्हणाले?" एकदा डेल्फिनाने विचारलं.

"म्हणाले, मला सार्जंट व्हायला अकरा वर्षं लागली. तू दर सोमवारी बढती घेतोस, ती कुणाच्या खिशातून ढापतोस रे?"

मी पितळेचा आहे, तरी मला लागलं ते.

मग मालिकेत लाईलला मारायचं ठरलं. दार लावताना मरायचं, आणि शवपेटीत हाच कोट. कप्तान म्हणणार, "निरोप घ्या, लेफ्टनंट."

लाईल कॉलर धरून डेल्फिनासमोर उभा राहिला. "बाबा म्हणाले, मेल्यावर तरी खोटं नको. बिल्ला असेल तर टीव्ही लावणार नाहीत."

जेवणाच्या सुट्टीत डेल्फिनाचे मक्याचे तमाले तसेच गार झाले. तिने मला काढलं, कोटाच्या शिवणीतून दोरे ओढले, आणि तीन वर्षं राहिलेलं भोक वीस मिनिटांत रफू केलं.

मिसेस हाल्वर्सन कॅमेरा घेऊन आल्या. जुना फोटो पाहिला, कॉलर पाहिली. रफूवरून बोट फिरवलं.

"ही जागा कधीची फाटली होती?"

"पहिल्या दिवसापासून, बाई."

"मला सांगायचं नाही होय?" त्या थकून खुर्चीत बसल्या. मग उठल्या आणि नवा फोटो काढला. "फोटोत नाही म्हणजे नाही. कप्तानाला सांगा, सार्जंट म्हण."

तो भाग लागला, त्यानंतर लाईल डेल्फिनाला भेटायला आला. म्हणाला, "बाबा बसून बघत होते. सार्जंट ऐकलं आणि काठी घेऊन उभे राहिले. शेवटचं निरोपाचं गाणं संपेपर्यंत उभेच होते."

मी डब्यातून ऐकत होतो. एवढ्या वर्षांत माझ्यामुळे कुणी उभं राहिलं नव्हतं. मी नसल्यामुळे राहिलं.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या कपड्याला भोक पडलं तर वीस मिनिटं काढा आणि ते शिवा. माझ्यासारख्याला त्याच्यावर चिकटवू नका. आम्ही चमकतो, पण नुसतं झाकून ठेवण्याने आम्हीही दमतो.