पोटात तार असलेला रेडिओ

अर्जुनरावांच्या रेडिओवर हैदराबाद अगदी लख्ख लागलं. पण ते लागलंच नाही असं आपण धरून चालू; त्यांच्या घरात आजही तसंच धरून चालतात.

राज्य निजामाचं; दिंद्रुड गावात याआधी एकच रेडिओ होता, सुंदररावांचा. त्याला माळवदावर बांबू उभारून तार ताणावी लागे. "आमच्या पेटीच्या पोटातच तार हाय," हे अर्जुनराव पारावर इतक्यांदा बोलले होते, की आता बांबू उभारायचा तर आधी गाव सोडावं लागलं असतं. आणि पेटी तर तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी नुसती चरचरत होती.

त्यातच निरोप आला. तहसीलदार साहेब संध्याकाळी बातम्या ऐकायला येणार. इथं नीट लागल्या नाहीत, तर कायमचे सुंदररावांकडं बसणार.

अर्जुनरावांनी पेटी खिडकीत ठेवली, पाटावर ठेवली, कणगीवर चढवली, चार थपडाही दिल्या. शेवटी वैतागून बाजूला सारताना ती वळली आणि माणसासारखी बोलायला लागली. जरा हलवली की पुन्हा चरचर. पोटातली तार एकाच तऱ्हेनं ऐकत होती: पेटीचं तोंड सरळ दक्षिणेला असलं तरच.

"दक्षिणेला?" दारातून बायनाबाई म्हणाल्या. अर्जुनरावांच्या आई. पेटीची पूजा त्यांनीच केली होती. "हळदकुंकू लावलेली वस्तू हाय ती. दक्षिणेला तोंड कावून?"

"माय, हैदराबाद तिकडं हाय."

"आन् यम कुठं हाय?"

"त्योबी तिकडंच. पण त्यो बातम्या न्हाई देत!"

लई घासाघीस झाली. "कर मग," बायनाबाई म्हणाल्या. "पण तोंड तिकडं हाय तंवर ती मेली आसं मी धरीन. घरात सुतक. चूल पेटायची न्हाई."

साहेबांचा चहा बुडेल, एवढंच ना, असं अर्जुनरावांना वाटलं.

साहेब आले, लोडाला टेकले. पेटी वळवली. हैदराबादेत बातम्या देणाऱ्यानं घसा खाकरला, तोही ऐकू आला. अर्जुनरावांची छाती फुगतेय, तोच शेजारच्या छबुबाई विस्तव मागायला आल्या. चूल थंड.

"कोण गेलं वं, काकू?"

बायनाबाईंनी पेटीकडं बोट केलं. सुतकाच्या घरी खोदून विचारायची रीत नाही. छबुबाईंनी त्यांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. तो ऐकून अर्धी आळी तोंडाला पदर लावून आली. नव्या आलेल्या बाईला आधीच्या सगळ्यांच्या गळ्यात पडावं लागत होतं, त्यामुळं काम आटपेना.

"बायांनो, गप ऱ्हावा! बातम्या लागल्यात!"

"बातमी कळली म्हणून तर आलो, दादा," एकीनं हुंदका दिला.

साहेब उभे राहिले. "बडा अफसोस झाला, अर्जुनराव. मय्यत कुठं हाय?"

"ही काय, साहेब. बोलतीया!"

साहेब चार पावलं मागं सरले आणि चपला हातात घेऊन सुंदररावांच्या घराकडं निघाले. "काही मदत लागली तर अर्ज करा," हे मात्र ते रिवाजाप्रमाणं बोलले.

अर्जुनरावांनी बसल्या जागी थेट जिल्ह्याच्या साहेबांना अर्ज लिहिला:

"बखिदमत जनाब अव्वल तालुकदार साहेब, जिल्हा बीड. अर्जदाराचा रेडिओ दक्षिणेखेरीज ऐकत नाही व अर्जदाराची आई कोणत्याच दिशेने ऐकत नाही. सबब हैदराबाद शहर, इमारती व रयतेसह, मौजे दिंद्रुडच्या पूर्वेस हलविण्याचा हुकूम व्हावा. बैलगाड्या अर्जदार देईल."