काकूंच्या नावाचा तलाव

विद्यापीठाच्या देणगी विभागात तिला पाठीमागे सगळे ‘साखरबाई’ म्हणत. ही दगडालाही पाझर फोडते, असा तिचा लौकिक होता. तिला ते नाव ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नसे. मागायचंच आहे तर गोडीनं मागावं, यात काय बिघडलं? जुने विद्यार्थी शोधून काढायचे, ख्यालीखुशाली विचारायची, वाढदिवसाला फोन करायचा आणि माणूस मऊ झाला की हळूच विषय काढायचा. विभागात याला ‘मशागत’ म्हणत.

काचवाल्या काकांची मात्र मशागत करावीच लागली नाही. विद्यापीठाच्या जुन्या तरण तलावाला तडे गेले होते आणि तो बुजवायचं घाटत होतं. ती बातमी वाचून काका आपणहून ऑफिसात आले. खिडक्यांच्या काचा आणि आरसे विकण्यात जन्म गेलेला माणूस. बोटांवर कापल्याच्या जुन्या खुणा.

“आमची ही याच तलावात पोहायची हो,” ते म्हणाले. “विद्यापीठाच्या संघात होती. मी काठावर बसून तिचा टॉवेल सांभाळायचो. गेल्या वर्षी गेली ती. तुम्ही जुना बुजवा, पण नवा बांधा. तिच्या नावाचा. मी दुकान विकतोय. मूलबाळ नाही, पैसा काय उशाशी घेऊन झोपायचाय?”

संचालकांनी तिला आत बोलावून सांगितलं, “आयता घास आहे. हातचा सोडू नकोस.”

मग ती काकांकडे जाऊ लागली. आधी नकाशे दाखवायला, मग कागदपत्रांसाठी, मग उगाचच. काका पाणचट चहा करत आणि “कसा झालाय?” म्हणून विचारत. ती “फक्कड!” म्हणे आणि दोघंही हसत. ती शाळेत असतानाच तिचे वडील गेले होते. वडीलधाऱ्या माणसाला असं लाडानं खोटं बोलायची मजा तिला पहिल्यांदाच कळत होती. तिच्या आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा काका सकाळपासून दवाखान्याच्या बाकावर बसून होते. “तू ऑफिसात जा पोरी, मी आहे,” म्हणाले. ‘तुम्ही’चं ‘तू’ आणि ‘मॅडम’ची ‘पोरी’ कधी झाली, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

दुकान विकून आलेले पैसे काकांनी विद्यापीठाला दिले. नव्या तलावाचं रंगीत चित्र त्यांनी बैठकीच्या खोलीत लावलं, काकूंच्या फोटोशेजारी. त्यांचं बघून आणखी दहाजणांनी हात सैल सोडले.

आणि मग सिमेंटचा कारखानदार आला. काकांच्या कितीतरी पट द्यायला तयार, पण त्याचं म्हणणं वेगळं होतं. “पोहणं बघायला कोण येतंय? बंदिस्त स्टेडियम बांधा. वर पाहुण्यांसाठी एसी कक्ष करा. आणि सगळ्याला माझ्या आईचं नाव द्या.” संचालकांचे डोळे लकाकले. जागा तेवढीच होती. नकाशातून तलाव गेला.

“काचवाल्यांची संमती लागेल,” संचालक तिला म्हणाले. “सही तूच आण. तुझं ऐकतील ते.”

“आणि काकूंचं नाव?”

“देऊ की! मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीवर पाटी लावू. छान दिसेल.”

तिनं विरोध केला नाही असं नाही. पण तो ऑफिसातला विरोध, चहा संपेपर्यंत टिकणारा. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि घरात कमावतं माणूस एकच. ती काकांकडे जात राहिली. आज सांगू, उद्या सांगू म्हणत तशीच परत येत राहिली. शेवटी संचालकांनी तंबी दिली, तेव्हा ती कागद पर्समध्ये घालून गेली.

काकांनी दार उघडलं तेव्हा त्यांचे केस ओले होते आणि पाणी कॉलरमध्ये गळत होतं. “बरी आलीस! चल, एक गंमत दाखवतो.” त्यांनी तिला न्हाणीघराच्या दारात उभं केलं, नाक धरलं आणि पाण्यानं भरलेल्या बादलीत तोंड बुडवलं. थोड्या वेळानं ठसकत, डोळे लाल करून वर आले आणि लहान मुलासारखे हसले.

“मला पाण्याची भीती गं. ही जन्मभर म्हणायची, एकदा तरी उतरा. नाही उतरलो. आता तलाव झाला की पहिल्या दिवशी उतरणार बघ. श्वास धरायचा सराव करतोय. हसू नकोस!”

तिला हसू आलंच नाही. तिथंच चौकटीला धरून तिनं सगळं सांगून टाकलं. जिभेवरची साखर कुठल्या कुठे गेली होती.

काकांनी टॉवेल घेतला. तोंड पुसून झालं तरी पुसतच राहिले.

“म्हणजे तलाव छोटा होणार का?”

“तलावच नाही, काका.”

“मग मुली पोहणार कुठे?”

ती पर्समधला कागद चाचपत राहिली.

“कधी ठरलं हे?”

“दोन महिने झाले.”

काकांनी टॉवेल दांडीवर टाकला. मग हळूच म्हणाले, “मागच्या खेपेला मी तुला विचारलं होतं, तळाची फरशी निळी असेल की पांढरी. तू निळी म्हणालीस.”

“काका, सही करू नका. पैसे परत मागा. भांडा. मी तुमच्या बाजूनं उभी राहते.”

“आणि तुझी नोकरी? आईचा दुसरा डोळा राहिलाय ना अजून?” त्यांनी हात पुढे केला. “आण तो कागद.”

चष्मा न लावताच त्यांनी सही केली.

“निदान वाचा तरी!”

“मला वाचायला काय द्यायचं, ते तर तुम्ही लोकांनी आधीच ठरवलंय.”

दारापाशी त्यांनी तिला थांबवलं. “एक विचारतो, खरं सांग. तू यायचीस ती नोकरी म्हणूनच का गं?”

“आधी तशीच यायचे, काका. नंतर नाही.”

काकांनी दाराची कडी काढली. “असेल,” म्हणाले. “पण यातलं आता कुठलं खरं धरू?”

ऑफिसात तिची पाठ थोपटली गेली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा काकांकडे गेली, हातात कागद नाही, नकाशा नाही, नुसतीच.

दार उघडलं. “या,” काका म्हणाले. “बसा. पाणी आणू का तुम्हाला?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. ऑफिसातून आलेल्या कुठल्याही बाईशी बोलावं तसे ते बोलत होते. “आणखी कुठे सही राहिली का?” त्यांनी अगदी सरळपणे विचारलं. भिंतीवरचं तलावाचं चित्र उतरवलेलं होतं आणि फोटो एकटाच होता. ती पाणी प्यायली, ग्लास खाली ठेवला आणि उठली. त्यांनी तिला थांबवलं नाही.

त्यानंतर काका गाव सोडून धाकट्या भावाकडे राहायला गेल्याचं तिला शेजाऱ्यांकडून कळलं. स्टेडियम उभं राहिलं. ती नोकरीवरच राहिली. कारखानदाराच्या एका मित्राची मशागत आता तिच्याकडे होती.

आईचा दुसरा डोळाही झाला. पट्टी निघाली त्या दिवशी आई खुशीत होती. भाजी निवडता निवडता म्हणाली, “अगं, या वेळी काका दिसले नाहीत दवाखान्यात. बरेत ना? बोलाव एकदा जेवायला.”

“त्यांचं काम झालं, आई,” ती म्हणाली. ऑफिसात देणगी जमा झालेल्या माणसाबद्दल असंच बोलत. वाक्य सवयीनं तोंडातून गेलं होतं.

आई हातातली भाजी तशीच धरून तिच्याकडे बघत राहिली. “असं काय बोलतेस? माणूस होता ना गं तो?”

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण हुंदकाच बाहेर पडला. आईनं परात बाजूला सारली आणि तिला जवळ ओढलं. काय झालं, कुणी काही बोललं का, आई विचारत राहिली.