दोष: कंटाळा

गोटी सात महिन्यांची झाली तेव्हा लिफ्टवाल्याने पहिला छंद धरला, आणि ती अकरा महिन्यांची होईपर्यंत त्याचे पाच छंद धरून सोडून झाले होते.

लिफ्टवाला म्हणजे गोटीचा बाबा. चौदा वर्षं त्याने उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या. बायको डोळ्यांची डॉक्टर, तिचा दवाखाना जोरात चाललेला. तिची बाळंतपणाची रजा संपत आली तेव्हा हा पठ्ठ्या छाती पुढे काढून म्हणाला, मी राहतो घरी. बोलून थांबला असता तर एक वेळ ठीक होतं. पण कंपनीत निरोप देताना लोकांनी केक आणला, आणि केक पाहून याला भाषणाची सुरसुरी आली. आयुष्यातलं खरं काम आता सुरू होतंय वगैरे बोलला. दोघातिघांनी डोळे पुसले. टाळ्या पडल्या. एकदा टाळ्या घेतल्यावर माघार घेणं किती जड जातं, ते अशी भाषणं ठोकणाऱ्यांनाच विचारा.

सुरुवातीला दिवस कसा जाई ते कळत नव्हतं. दूध, ढेकर, कपडे, पुन्हा दूध, नाकी नऊ यायचे. मग गोटीची घडी बसली आणि याची विस्कटली. गोटी बादलीत चमचा टाकायची, काढायची, पुन्हा टाकायची. दर वेळी बाबाकडे बघायची, की पाहिलंस का? बाबा म्हणायचा, पाहिलं. एका सकाळी त्याने मोजलं, तर सत्तेचाळीस वेळा पाहिलं होतं. तेव्हा त्याला कंटाळा आला. साधासुधा नाही, जांभया देऊन जबडा दुखावा असला. आणि कंटाळा आल्याबरोबर लाज वाटली. पोटची पोर, एवढीशी, दोन दातांनी हसणारी, आणि हिचा कंटाळा? माणूस आहेस की कोण आहेस?

म्हणून छंद. गोटी दुपारी चाळीस मिनिटं झोपायची, तेवढ्यात जे बसेल ते. क्रोशाची सुई घेऊन मफलर विणायला घेतला, तो रुंदीला वाढत गेला आणि लांबीला वाढेचना. पाव भाजला, तो दाराला अडसर म्हणून आठ दिवस वापरला. कुंड्यांमधल्या रोपांनी याचं प्रेम सोसलं नाही, पाण्यानेच गेली बिचारी. कागदाचे पक्षी केले, सगळे बदकांसारखे झाले. मग हजार तुकडे जुळवायचं चित्र आणलं. नऊशे नव्व्याण्णव लागले. हजारावा गोटीने गिळला असावा अशी शंका होती. दोन दिवसांनी शंका फिटली.

सहावा छंद मात्र चिकटला. सर्कशीतला विदूषक तीन चेंडू हवेत खेळवतो ना, एक हातात, दोन वर, तसं शिकायचं. चेंडू कुठले? गोटीचे आखूड झालेले मोजे घेतले, तांदूळ भरले, गाठी मारल्या. पहिल्या दिवशी एकही झेलता आला नाही, तरी चाळीस मिनिटं संपल्यावर त्याला वाईट वाटलं. कित्येक महिन्यांत काही संपल्याचं वाईट वाटलं नव्हतं.

आता याची एक सवय सांगायला हवी. लिफ्टच्या कामात एक जण वर मशीनच्या खोलीत असतो, दुसरा खाली खड्ड्यात. एकमेकांना दिसत नाहीत, मध्ये वीस मजले. म्हणून नियम असा, की हात हलवायच्या आधी वॉकीटॉकीवर सांगायचं आणि हलवल्यावर पुन्हा सांगायचं. न सांगता हात हलवणाऱ्या एकाचं बोट गेलेलं याने डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून गडी मुक्याने कामच करू शकत नाही. घरीसुद्धा, "लंगोट काढतोय. काढला. नवा लावतोय." बायको हसून बेजार व्हायची. आणि दिवस संपला की वरिष्ठांना तोंडी अहवाल द्यायचा असे: दोष काय, केव्हापासून, कारण काय, उपाय काय. चौदा वर्षं रोज. ते हाडात मुरलेलं.

बायकोच्या लक्षात आलंच होतं. लोकांचे डोळे तपासणारी बाई ती, नवऱ्याचा चेहरा तिला दिसणार नाही? तिने तीनदा विचारलं, तुला कंटाळा येतो का रे घरी? तिन्ही वेळा हा म्हणाला, छे, कंटाळा कसला. तिसऱ्या वेळी तिने फार खोदलं नाही, पण कोपऱ्यावरच्या पाळणाघरात जाऊन एक जागा धरून ठेवली. पुढच्या आठवड्यानंतरच्या सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. जागा घेतली तर गोटी तिकडे आणि हा परत लिफ्टकडे. त्याआधी माझी आई आठवडाभर राहून बघेल, ती सांगेल तसं करू, असं बायको म्हणाली. हा तोंडावर हसला, पण मनातून धास्तावला.

कारण त्याला जायचं नव्हतं. गोटी आता खुर्चीला धरून उभी राहत होती. कुठल्याही दिवशी हात सोडेल. ते दुसऱ्या कुणी पाहायचं आणि याला संध्याकाळी तोंडी सांगायचं, या कल्पनेनेच त्याला रडू यायचं. कंटाळाही खरा आणि हेही खरं. दोन्ही एकाच माणसात कसं राहतं, हे त्याला उमगत नव्हतं, आणि सासूबाईंना तर ते मुळीच उमगणार नाही याची खात्री होती.

सासूबाई म्हणजे निवृत्त मेट्रन. सदतीस वर्षं इस्पितळात वॉर्ड हाकलेला, त्यांच्यासमोर चादरीसुद्धा आपणहून सरळ होत असतील. रविवारी आल्या त्या एक वही घेऊनच आल्या. सोमवारी सकाळपासून गोटी किती वाजता उठली, काय खाल्लं, किती वेळा पडली, सगळं वहीत. जावयाने गाजर कुस्करलं तरी पेन चाललं. बोलणं नाही, रागावणं नाही, नुसतं पेन. शिव्या परवडल्या असत्या.

दुपारी गोटी झोपली की सासूबाई त्याच खोलीत आरामखुर्चीत पडायच्या. आता यांच्यासमोर मोजे कसे उडवायचे? म्हणून हा कपडे वाळत घालण्याचं निमित्त करून गच्चीवर जाऊ लागला. जाताना बाळाचं यंत्र घ्यायचा. दोन पांढऱ्या डब्या, एक पाळण्याजवळ ठेवायची ती आवाज पाठवते, दुसरी आपल्याजवळ ठेवायची ती आवाज ऐकवते. सासूबाई खोलीत असताना डबीची गरज नव्हती, पण तपासणी चालू असताना आपण किती दक्ष आहोत ते दिसायला नको का? कमरेला डबी लावून हा रुबाबात जिना चढायचा.

सोमवारी ओल्या साबणासारखे मोजे हातातून सटकत होते. "उजवा वर. डावा वर. पडला. उचलतोय. उचलला." गच्चीवर टाकीशिवाय ऐकायला कुणी नव्हतं. मंगळवारी जरा बरं. बुधवारी दहा वेळा सलग. डबीतून एकदाही रडण्याचा आवाज आला नाही, तेव्हा पोरगी एकदाची झोपायला शिकली म्हणून तो आणखी खूश.

शुक्रवारी जमलं. तीन मोजे हवेत गेले आणि जात राहिले, हात आपोआप चालायला लागले. किती वेळ, देव जाणे. पाखरू येऊन कठड्यावर बसलं आणि उडून गेलं तरी मोजे हवेतच. शेवटी त्याने स्वतःहून थांबवले आणि धापा टाकत टाकीला टेकून बसला. एवढा आनंद झाला होता की तो कुणालातरी सांगायलाच हवा होता. आणि सांगायला कुणी नाही हे ध्यानात आलं तसं मन भरून आलं. मग जुन्या सवयीने त्याने अहवाल द्यायला घेतला.

"दोष, कंटाळा," तो म्हणाला. "केव्हापासून, चार महिने. कारण, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा एकच माणूस समोर, आणि तिला अजून बोलता येत नाही. पोरीत दोष नाही. पोरगी उत्तम आहे. तिच्यावाचून मला जमणार नाही, पण दिवसभर तिच्याबरोबर मी कंटाळतो, आणि हे बायकोला सांगितलं तर ती मला कामावर पाठवेल. उपाय," इथे त्याने एका मोज्याची सैल झालेली गाठ आवळली. "उपाय सापडला नाही. मोज्यांनी चाळीस मिनिटं भागतात."

वॉकीटॉकीवर बोलून झालं की तिचा दिवा बघायची सवय, म्हणून त्याने कमरेची डबी वर काढली. आणि पाहिलं तर डबीला आवाजाची जाळीच नव्हती. एक बारीक भोक होतं फक्त. बोलण्याचं.

वायरींचे रंग अंधारात चाचपून ओळखणारा हा माणूस. रविवारी दोन्ही डब्या एकाच ठिकाणी चार्जिंगला लावल्या होत्या, आणि सोमवारपासून पाळण्याजवळची स्वतः घेऊन हिंडत होता. म्हणजे ऐकायची डबी पाळण्याजवळ. आरामखुर्चीच्या बरोबर डोक्याशी. पाच दिवस. त्याने कपाळावर हात मारून घेतला. मग जिना उतरायला लागला, आणि चौदा पायऱ्या उतरायला त्याला चौदा वर्षांएवढा वेळ लागला.

गोटी जागी होती. पाळण्याचा कठडा धरून उभी राहून ती डबीकडे टक लावून बघत होती, बाबा त्यातून बाहेर कधी येतो याची वाट बघत असावी. सासूबाई वहीत काही लिहीत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि चष्मा नाकावर खाली ओढला.

"सोमवारी मोजा त्रेसष्ट वेळा पडला," त्या म्हणाल्या. "काल अकरा. आज दोनदाच. मी दर वेळी रेघ मारली आहे."

 आई, ते शेवटचं, एवढंच त्याच्या तोंडून कसंबसं निघालं.

"ते लिहिलेलं नाही," सासूबाई म्हणाल्या आणि वही मिटली. "रविवारी बोलू."

शनिवार कसा गेला ते त्याचं त्याला माहीत. सासूबाई नेहमीसारख्याच, काही विचारलं तर हो किंवा नाही. लिहिलं नाही म्हणजे काय? सांगणार नाहीत, की लिहायच्या लायकीचंच नव्हतं? तो गोटीचे हात धरून खोलीभर फिरला, आणि सोमवारी हे हात कुणाच्या तरी हातात असतील असं सारखं मनात येत राहिलं.

रविवारी चहा झाल्यावर बायकोने विषय काढला. गोटी तिच्या मांडीवर होती. तिने आईला सरळच विचारलं, काय ठरवलंस, पाळणाघरात सांगू का? सासूबाईंनी वही उघडली आणि वाचून दाखवलं. जेवण वेळेवर, झोप उत्तम, वजन चांगलं, पोर खेळकर. गाजर थोडं जास्त शिजतं. बाकी काही नाही. वही बंद.

"तेवढंच?" बायको म्हणाली. "आणि याचं काय? हा कंटाळतो का, ते बघायला तुला बोलावलं होतं."

लिफ्टवाल्याने सासूबाईंकडे पाहिलं. त्या चहाच्या रिकाम्या कपात बघत होत्या. सांगणार नव्हत्याच, हे त्याला कळलं. झाकून टाकणार होत्या त्या, त्याच्यासाठी. तीनदा खोटं बोललो, आता चौथं यांना बोलायला लावायचं? 

"येतो," तो म्हणाला. "कंटाळा येतो मला. खूप. आणि तरी मला तिला सोडून जायचं नाही. दोन्ही खरं आहे. चार महिने तुला सांगायची हिंमत झाली नाही, कारण मला वाटलं, माझं कमी प्रेम आहे असं तू समजशील."

बायको त्याच्याकडे बघतच राहिली.  मग तिचा आवाज बारीक झाला. ती म्हणाली, की दवाखान्यात जाताना रोज सकाळी तिला हलकं वाटतं. पहिला पेशंट आत आला की बरं वाटतं. आपण घरी राहिलो असतो तर आठ दिवसांत वेड लागलं असतं हे तिला ठाऊक होतं, आणि म्हणून आपणच आई व्हायला नालायक, असं ती रजा संपल्यापासून धरून बसली होती. आपला नवरा न कंटाळता राहतो, मग आपल्यातच खोट. म्हणून तर पाळणाघर. याला त्रास होऊ नये म्हणून नाही, स्वतःला टोचतं म्हणून.

 गोटीने आईची बांगडी तोंडात घातली.

सासूबाईंनी कप बाजूला सारला.

"मला वॉर्डात सगळे म्हणायचे, केवढी कष्टाळू बाई," त्या म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवशीसुद्धा ड्यूटी मागून घेते. मीही तसंच मानून घेतलं. खरं कारण मी आजवर कुणाला बोलले नाही. शुक्रवारी जावईबापूंचं ऐकलं तेव्हा पहिल्यांदा स्वतःशी बोलले." त्यांनी लेकीकडे पाहिलं. "मलाही यायचा. तुझा."

बायकोचे डोळे भरले. ती हसली की रडली ते तिलाच सांगता आलं नसतं.

"खूप यायचा?" तिने विचारलं.

"खूप," सासूबाई म्हणाल्या. "तरी नीट वाढलीस ना?"