कमालने न चाखलेली शॅम्पेन

मी शॅम्पेनची बाटली बोलतेय. नाकं मुरडू नका! पोटात काय भरायचं हे बाटली थोडीच ठरवते?

माझा जन्म फ्रान्सचा. जमिनीखालच्या गार तळघरात मी तीन वर्षं पडून होते. १९५८ साली एक गोरा साहेब मडमेला घेऊन ते तळघर बघायला आला. बाकीचे पाहुणे वाइन चाखून बादलीत थुंकत होते. ह्या गड्याने चाखायला दिलेले तिन्ही पेले गटागट रिचवले आणि मला विकत घेतलं.

साहेब कुवेतच्या तेल कंपनीतला, बंगला कंपनीच्याच अहमदी गावात. मी बोटीने आले आणि बंदरावर ऑगस्टच्या उन्हात अकरा दिवस पडून राहिले. आतली वाइन तिथेच नासली. मी सांगणार कोणाला?

एका शुक्रवारी दुपारी साहेबाने सहा जणांना जेवायला बोलावलं. मला उघडलं कमालने. हा रत्नागिरीकडचा, साहेबाच्या टेबलावर वाढणारा बेअरर. दारूचा थेंब कधी ओठाला लावला नव्हता, पण चार वर्षांत शेकड्याने बाटल्या उघडल्या होत्या. बूच निघालं, पण शॅम्पेनचा तो फट्ट आवाजच नाही. त्याने वास घेतला.

“साहेब, ही खराब झालीय,” तो हळूच म्हणाला.

साहेबाने पेले भरायला लावलेच. “तिथे फ्रान्समध्ये अगदी हीच चव होती!” असं तो म्हणाला मात्र, सगळ्यांच्या माना डोलायला लागल्या. एकाला चवीत बदाम लागला, एकीला सफरचंद. अहो, कसले बदाम नि कसलं काय!

साहेब चेकाळला. “कमाल, तू चाख. आणि उत्तम आहे म्हणून सांग सगळ्यांना.”

“चाखणार नाही, साहेब. आणि खोटंही बोलणार नाही.”

“मग उद्यापासून येऊ नकोस.”

गावी बायको रबिया आणि तीन पोरं याच नोकरीवर जगत होती.   पण कमालने मला टेबलावर ठेवलं आणि गणवेशाचा कमरपट्टा सोडून शेजारी टाकला.

“उद्या कशाला? आत्ताच जातो.”

शाब्बास रे पठ्ठ्या!

दुसऱ्या दिवशी आपली ट्रंक न्यायला आला, तेव्हा कचऱ्यातून त्याने मलाही उचललं. जवळच्याच फहाहील गावात त्याच्या चुलतभावाची, महबूबची खानावळ आहे, तिथे तो कामाला लागला. मला बघून महबूब भडकला. “दारूची बाटली? इथे?”

“सात पाण्यांनी धुतलीय. तिचा काय गुन्हा?”

सहा वर्षं झाली. आता माझ्यात कोकमाचं आगळ असतं. रबियाला पैसे पूर्वीपेक्षा कमी जातात, पण महिन्याच्या महिन्याला जातात.

दारूची बाटली म्हणून मला खुशाल फोडा, पण एवढं ऐकून घ्या. त्या टेबलाभोवती माझ्याबद्दल खरं बोलणारा एकच माणूस होता, आणि त्याने मला चाखलंच नव्हतं.