पाच पायऱ्या

चीनमधून येणाऱ्या आम्हा लोकांना अमेरिकेत घेण्याआधी सॅन फ्रान्सिस्कोसमोरच्या एका बेटावर चौकशीसाठी कोंडून ठेवत. तिथे माझ्याबरोबर मोक साय-हाँग होता. बाप आधीच तिथे असेल तरच आत घेत, म्हणून कुणा परक्याचा मुलगा बनून त्याला अमेरिकेत शिरायचं होतं. चौकशीत बापलेकांची उत्तरं जुळावी लागत, म्हणून त्या उसन्या बापाच्या गावाकडच्या घराची दारं, खिडक्या, विहीर तो दिवसभर घोकायचा.

मी हसायचो. "घोक लेका, घोक! माझा बाप खरा आहे. मला काय पाठ करायचंय?"

चौकशीत साहेबाने मला विचारलं, "तुमच्या घराला पायऱ्या किती?"

"पाच."

"तुझा बाप तर तीन म्हणतो."

मी सहा वर्षांचा असताना बाप गाव सोडून इकडे आला. नंतर पूर आला, तेव्हा आईने जोतं उंच करून दोन पायऱ्या वाढवल्या. त्याला पत्राने कळवलंही होतं. हे सगळं मी ओरडून सांगितलं.

आमच्याच मुलखातला दुभाषी माझ्यावर खेकसला, "गप रे! खोटारडे सगळे असंच ओरडतात."

मला परत पाठवायचा हुकूम झाला. मोक सुटला. निघताना त्याने मान खाली घालून विचारलं, "तुझ्या बापाला काही निरोप?"

"सांग त्याला, पायऱ्या पाचच आहेत. बारा वर्षांत एकदा तरी चढून बघायच्या होत्यास, म्हणावं."