उठायचा सीन

“दोरी जराशी ढिली बांधा, भाऊ. मले शेवटी उठाचं हाय,” तिरडीवर उताणा पडलेला देवमन तायडे म्हणाला.

“ढिली बांधली का मुर्दा नाही दिसत, झोपलेला माणूस दिसते,” मोहसीन म्हणाला. “सरकगाठ मारून राहिलो. उजव्या हातानं ओढली का सुटली. तवरीक हलाचं नाही. नाकाले माशी बसली तरी नाही.”

“अन् शिंक आली तं?”

“तं दाबा. मेलेला माणूस शिंकते का बे कुठं?”

बडनेऱ्याहून आणलेल्या चार बायका हसल्या. त्यांना आज रडायचं काम होतं.

२००६ च्या नोव्हेंबरातली दुपार होती. चांदूर रेल्वे तालुक्यातल्या बोरखडी गावात, रस्त्याकडेच्या एका रिकाम्या घरापुढे तिरडी ठेवली होती. बांबू हिरवे होते, मडकं नवं होतं, कापडावर गुलाल होता. मोहसीनने गावचे पोलीस पाटील शेषराव यांची परवानगी आदल्या दिवशीच घेतली होती. शेषरावांनी बराच वेळ सुपारी कातरली होती.

“तिरडीच पायजे का? दुसरं काही नाही जमत?”

“कॉमेडी हाय पाटील.”

“म्हनूनच तं इचारून राहिलो,” शेषराव म्हणाले होते. शेवटी त्यांनी गावात दवंडी दिली, की उद्या पिक्चरची खोटी मयत आहे, कोणी घाबरू नये. त्या तालुक्यात त्या वर्षी अशी दवंडी देणं गरजेचं होतं. घरापुढे तिरडी दिसली, की लोक वय विचारत नसत, औषध कोणतं होतं ते विचारत. मागोमाग कागद घेऊन साहेब येत आणि गेलेला माणूस मदतीला पात्र की अपात्र ते लिहून नेत.

देवमन एकोणचाळीस वर्षांचा होता. चांदूर रेल्वेच्या एका शाळेत तो प्रयोगशाळा परिचर होता. परीक्षानळ्या धुवायच्या, बरण्यांतल्या बेडकांवरची धूळ पुसायची, पाचच्या पॅसेंजरने बडनेऱ्याला परत यायचं. त्याचे वरचे दात पुढे होते. बोलताना तो तोंडावर रुमाल धरी, त्यामुळे अर्धं बोलणं ऐकू येत नसे आणि उरलेलं लोक ऐकत नसत. पोरं त्याला किसणी म्हणत. सात मुली पाहून झाल्या होत्या. सातव्या ठिकाणी मुलीची धाकटी बहीण फिस्सकन हसली आणि त्यानंतर तो कुठे गेला नाही. आई होती तोवर घरात कोणीतरी बोलत होतं. ती जाऊन दोन वर्षं झाली होती.

मोहसीनचा स्टुडिओ बडनेरा स्टेशनजवळ होता. आधी वडील, इनायतुल्ला, लग्नाचे फोटो काढत. मग मोहसीनने व्हिडिओ सुरू केला. दोन हंगामांपासून लग्नाच्या ऑर्डरी आटल्या होत्या. सामूहिक विवाहात चाळीस जोडप्यांना एक कॅमेरा पुरतो. म्हणून त्याने वऱ्हाडी बोलीतला विनोदी पिक्चर काढून त्याच्या सीडी विकायचं ठरवलं. देवमन ओळखपत्राच्या फोटोसाठी आला तेव्हा फोटोपुरता त्याने रुमाल खाली घेतला. मोहसीन कॅमेऱ्यातून पाहत राहिला.

“हात खालीच ठेवा. पिच्चरमधी काम करता का?”

“माह्ये दात पाहून इचारता ना?”

“हो. झूट कावून बोलू?” मोहसीन म्हणाला. “दोन घंटे लोकं तुमाले हसतीन. पन शेवटी तुमी उठता, बोलता अन् समद्यायची बोलती बंद होते.”

गोष्ट साधी होती. गंगाराम नावाच्या भित्र्या माणसाला सगळे तुडवतात. तो मेल्याची हूल उठवतो, तिरडीवर पडून कोण काय बोलतं ते ऐकतो आणि स्मशानात न्यायच्या आधी उठून एकेकाचा हिशोब करतो. ते भाषण दोन पानांचं होतं. देवमनने ते शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत, बरण्यांसमोर उभं राहून तीन आठवडे म्हटलं. दिवाळीच्या सुट्टीत शूटिंग सुरू झालं. आठव्या दिवशी बाजारातल्या सीनला चाळीसेक माणसं जमली होती. गंगाराम वांगीवालीशी भांडतो आणि हरतो, असा सीन होता. तो संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळी पॅसेंजरमध्ये देवमनने समोरच्या माणसाला स्वतःहून वेळ विचारली. वेळ त्याला माहीत होती.

आता उरलं होतं ते उठून बोलायचं. त्याच्यासाठी पिक्चर तेवढाच होता.

कॅमेरा सुरू झाला. बडनेऱ्याच्या चौघी रडू लागल्या. त्यातली एक डोळ्यांवर पदर घेऊन हसत होती. मोहसीन ओरडणार, तेवढ्यात रस्त्यावर दहा-बारा बायका थांबल्या.

त्या शेजारच्या गावच्या होत्या. बोरखडीच्या शिवारात कापूस वेचायला आल्या होत्या आणि काम आटोपून परत निघाल्या होत्या. दवंडी त्यांच्या गावात झाली नव्हती. या भागात मयतीपाशी बसण्याआधी कोण गेलं ते विचारत नाहीत. आधी बसायचं, रडायचं. नाव मागून कळतं. बायकांनी कंबरेच्या ओट्या सोडल्या, डब्यांची गाठोडी बाजूला ठेवली आणि तिरडीभोवती बसल्या. बडनेऱ्याच्या चौघी गप्प झाल्या.

मोहसीनने कॅमेरा बंद केला नाही. तो दोन पावलं पुढे सरकला.

देवमनचे डोळे मिटलेले होते. पायांशी कोणीतरी बसलं. त्याच्या पायांवर, कापडावरून, दोन हात आले.

“जाय रे बापा, सुखानं जाय,” एक बाई म्हणाली. आवाज तरुण होता. “कोनाचा हायेस, माहीत नाही. माह्या घरचा आखाडात गेला. थो गेला तवा सायेब लोकं खाटेवर बसले होते रे बापा. फारम भरू का रडू? त्यायले चा ठेवू का रडू? एक म्हने, बाई, तोंड इकडं करा, फोटो घ्याचा हाय. मी केलं तोंड इकडं. माहं रडाचं राह्यूनच गेलं रे बापा…”

मग ती रडली. बाकीच्या तिच्या पाठीवर हात ठेवून रडल्या. त्यांपैकी कोणी तिला उगी म्हटलं नाही.

मोहसीनने चुटकी वाजवली. उठायची खूण तीच होती. देवमनला ती ऐकू आली. सरकगाठीचं टोक त्याच्या उजव्या मुठीत होतं. त्याला भाषणाचा पहिला शब्द आठवत होता, दुसऱ्या पानावरचाही आठवत होता. आत्ता उठलं तर बायका किंचाळत पळतील, हे त्याला कळत होतं. मोहसीनलाही कळत होतं. चुटकी दुसऱ्यांदा वाजली.

“देवमनभाऊ,” मोहसीन दबक्या आवाजात म्हणाला, “उठा. आता. असा चानस नाही येत.”

देवमन उठला नाही. तिसरी चुटकी वाजली. कॅसेटवर नंतर मोजलं तर हा सगळा प्रकार अकरा मिनिटांचा भरला.

रडणं हळूहळू उतरलं. पायांशी बसलेल्या बाईने नाक पुसलं आणि शेजारणीला विचारलं, “कोन होता व हा?”

तेव्हा देवमनने डोळे उघडले.

“बाई, मी मेलो नाही,” तो म्हणाला. “पिच्चरचं काम हाय. तुमाले फसवाचं नव्हतं. माफ करा.”

हात दोरीखाली होते. तोंड झाकता येत नव्हतं. दहा-बारा अनोळखी बायका त्याच्या तोंडाकडे पाहत होत्या.

एक म्हातारी उठली आणि तिने पायातली चप्पल मोहसीनला फेकून मारली. “मुडदा बसवला तुमचा! मयतीचा खेळ करता बे? तुमच्या घरी कोनी मेलं नाही का आजवर?” शेषराव धावत आले. माय, काकू करत, हात जोडत ते मध्ये उभे राहिले. गोंधळात मडकं फुटलं.

रडलेली बाई मात्र तिथेच उभी होती. तिशीही नसेल. तिचं नाव पंचफुला, हे बाकीच्या हाका मारत होत्या त्यावरून कळत होतं.

“कवाचा जित्ता हायेस तू?” तिने देवमनला विचारलं.

“पयलेपासून.”

“मंग उठला कावून नाही?”

“तुमचं झालं नव्हतं.”

 तिने डब्याचं गाठोडं उचललं, चार पावलं गेली आणि वळून मोहसीनला म्हणाली, “दोर सोडा त्याचे. जित्ता मानूस हाय थो.”

पुढच्या रविवारी दुपारी मोहसीनने देवमनला स्टुडिओत बोलावलं. मागच्या खोलीत पडदे लावून एडिटिंगचं काम चाले. टीव्हीवर पंचफुला होती. आवाज बंद होता.

“पाहा,” मोहसीन म्हणाला. “अकोल्याच्या थेटरात बी असं काम कोनी केलं नसन. आता ह्याच्यावर ढोल टाकतो. ती म्हनते, जाय रे बापा. आपन तुमचं थोबाड दाखवतो, एक डोया उघडा. परत ती. परत तुमी. तुमचं उठाचं अलग घेऊ अन् जोडून देऊ. लोकं खुर्चीवरून पडतीन, देवमनभाऊ. हिरो होता तुमी.”

“नाही,” देवमन म्हणाला.

“काय नाही?”

“थे बाई नाही घ्याची.”

मोहसीनने खुर्ची वळवली. “तिले कोन ओयखते? कोन्या गावची, कोन. ती काय सीडी पाहाले बसून हाय?”

“मंग तिले इचारा.”

“इचारलं तं नाही म्हनन.”

“मंग झालं.”

मोहसीन हसला, मग हसायचा थांबला. “तुले समजून राहिलं का काही? दोन वर्षांपासून मी रिकामा हावो. ह्या पिच्चरवर माहं दुकान चालनार हाय. अन् तू? तुले कोन कुत्रं इचारत होतं? इथं फोटो काढाले आला तं रुमाल खाली घ्याले दहा मिनटं लागले तुले!”

“खरं हाय.”

“लोकायनं टाळ्या वाजवल्या त्या माह्यामुळं.”

“ते बी खरं हाय,” देवमन म्हणाला. “भाषन मी करतो. तुमी म्हनान तिथं करतो, म्हनान तितक्या खेपा करतो. पन त्या बाईच्या रडन्यावर ढोल टाकून उठनार नाही. तसं करत असान तं माहं थोबाड काढून टाका त्यातून.”

तो ओरडला नव्हता. स्टेशनाकडून एका मालगाडीचा भोंगा आला. मोहसीनने टीव्हीकडे पाहिलं. पंचफुलाचा पदर डोक्यावरून सरकला होता आणि तिचं लक्ष नव्हतं. त्याने चित्र थांबवलं.

“तिच्याबिगर तुमच्या उठन्यात दम नाही,” तो म्हणाला. पुन्हा अहोजाहोवर आला होता. “मी सरळ सांगतो. अकोल्याच्या ऑर्केस्ट्रात श्रावन हाय. नकली दात लावतो त्याले. पयल्या दिवसापासून परत शूट करतो. तिचं नाही घेत. पन मंग तुमी बी नाही. बोला.”

देवमनने मांडीवरचे हात पाहिले.

“ठीक हाय.”

“तिचं अन् तुमच्या बाजाराचं एकाच कॅसेटवर हाय. दुसरीवर उतरवून घेतलं नाही अजून.”

“मालूम हाय.”

“पुसली तं पुरी पुसाची. मले श्रावनसाठी कोरी कॅसेट पायजे. अन् मी नाही पुसत. तुमीच पुसा.”

“बटन कोनतं?”

मोहसीनने कॅसेट कॅमेऱ्यात घातली, मागे नेली आणि लेन्सवर झाकण लावलं. असं झाकण लावून रेकॉर्ड करत गेलं की जुनं पुसलं जातं आणि त्यावर काळं चढतं. कॅसेट साठ मिनिटांची होती, त्यामुळे साठ मिनिटं लागणार होती. लाल बटण दाखवून तो बाहेर गेला. दार लोटताना म्हणाला, “अजून बी इचार करा. दाबलं का गेलं.”

देवमनने बटण दाबलं.

टीव्ही काळा होता. कोपऱ्यातले आकडे पुढे सरकत होते. वांगीवालीशी भांडण नवव्या मिनिटाला होतं, ते त्याला ठाऊक होतं. टाळ्या बाराव्याला. आकडे बारावर आले आणि तेरावर गेले. तो गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला. कुठे काही आवाज झाला नाही. तिसाव्या मिनिटाच्या पुढे तिरडी सुरू होत होती.

दार उघडलं. मोहसीनची बहीण शाइस्ता स्टुडिओचं काउंटर सांभाळायची. ती चहा घेऊन आली होती. उजेडातून आल्यामुळे तिला आतलं दिसत नव्हतं.

“अंधारात कोन हाय?”

“मी देवमन तायडे.”

“भाईजान नाही का?”

“बाहेर हायेत. मले अजून वीस-बावीस मिनटं लागतीन. चा इथंच ठेवा.”

तिने स्टुलावर कपबशी ठेवली आणि दार ओढून घेतलं.

झाकण लेन्सवर होतं, पण माइक चालू राहिला होता. ती कॅसेट पुढे श्रावणसाठी वापरली गेली नाही; तिच्यावर अजून एक तास काळं आहे. अडतिसाव्या मिनिटाला एक बाई विचारते, अंधारात कोण आहे, आणि एक पुरुष आपलं पूर्ण नाव सांगतो. मग कपबशीचा आवाज येतो. पुढे काही नाही.